थांबू दे त्यांना, पण रस्त्यावर नको

पत्र असं आहे:

"काका, नमस्कार. आम्ही इंदूरला राजेंद्र नगरमध्ये राहतो. ह्यांना रस्त्यात कोणाची गाडी बंद पडलेली दिसली की थांबायचं वेडच आहे. मागच्या महिन्यात धुळ्याहून लग्न आटोपून परत येत होतो, रात्रीचे साडेअकरा, खलघाटच्या पुढे एक फॅमिली पंक्चर होऊन उभी होती. ह्यांनी लगेच गाडी लावली, मोबाईलचा टॉर्च घेतला आणि त्यांच्या ड्रायव्हर साईडच्या मागच्या चाकाशी बसून पाना फिरवायला लागले. मी गाडीतून बघत होते. एक ट्राला, म्हणजे लांब ट्रेलरवाला ट्रक, इतका जवळून गेला की ह्यांचा शर्ट पाठीवर फुगला. सासूबाई आणि मुलगी माझ्यासोबत गाडीत. घरी आल्यावर मी खूप बोलले. ते एवढंच म्हणाले की माझे बाबा सेंधव्याला अडकले होते तेव्हा कोणी थांबलंच नसतं तर? तेव्हापासून आम्ही धड बोलत नाही आहोत. मला त्यांचं हे थांबणं बंद करायचंय. कसं सांगू? आणि पोलिसांच्या भानगडीत अडकलो तर?"

बेटा, काका म्हणालीस म्हणून अगंतुगंच करतो, राग मानू नको. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना त्या शर्टापाशीच अडकलो. ज्याने हायवेवर रात्री कधी चाक बदललंय त्याला ते वारं माहीत असतं, ट्राला येतो तेव्हा ते आधी ढकलतं आणि निघून जाताना खेचतं, आणि उकिडव्या बसलेल्या माणसाचा तोल जायला तेवढं पुरतं. तेव्हा तू उगाच घाबरलीस असं मी अजिबात म्हणणार नाही.

पण कसं थांबवू म्हणून विचारतेस त्याचं उत्तर माझ्याकडे नाहीये. ज्याच्या वडिलांना सेंधव्याला कोणीतरी रात्रीचं सांभाळून घेतलं, त्याला तू "दुसऱ्यांचं बघू नका" म्हटलंस तर तो हो हो म्हणेल आणि तू सोबत नसशील तेव्हा थांबेल, आणि मग ते जास्त वाईट, कारण तेव्हा त्याच्याकडे लक्ष ठेवायला पण कोणी नसेल. त्या दिवशी थांबले हे चुकलं नाही. चुकलं ते चाकापाशी बसले ते. भांडण ह्या दुसऱ्या गोष्टीवर कर, पहिल्यावर नको, म्हणजे जिंकशील तरी.

आता बघ, त्या फॅमिलीला त्या वेळी खरंच काय पाहिजे होतं? चाक नाही. चाक अर्ध्या तासाने बदललं असतं तरी काही बिघडत नव्हतं. त्यांना पाहिजे होतं की कोणीतरी त्यांना गाडीतून काढून रस्त्यापासून लांब न्यावं आणि मागून येणाऱ्यांना इथे गाडी उभी आहे हे लांबूनच कळावं. हे दोन झाल्यावर फोन. पाना सगळ्यात शेवटी आणि तो सुद्धा रस्त्याकडच्या चाकाला लावायचाच नाही. आपल्याकडे डावीकडून गाडी चालते, म्हणजे उजवी बाजू, जिला आपण ड्रायव्हर साईड म्हणतो, ती कायम रहदारीच्या तोंडाशी. कंडक्टर साईडचं चाक गेलं असेल, गाडी पूर्ण मातीवर असेल आणि उजेड असेल तर बदला बापडे. ड्रायव्हर साईडचं गेलं असेल तर गाडी तशीच रखडत रखडत, चारी इंडिकेटर लावून, पुढच्या ढाब्यापर्यंत किंवा पंपापर्यंत किंवा निदान रुंद मातीपर्यंत न्यायची. टायर फाटेल, रिम वाकेल, लोक म्हणतात नुकसान होतं. होऊ दे की, रिम बाजारात मिळते.

तू एक लिहिलं नाहीस, तुमची गाडी त्यांच्या पुढे लावली होती का मागे? मला वाटतंय मागे लावली असणार, कारण हेडलाईटचा उजेड पडावा म्हणून सगळे तसंच करतात. मागे लावली म्हणजे कोणी पेंगत आला तर आधी तुमच्या गाडीवर येणार, ज्यात सासूबाई, तू आणि पोरगी बसलेल्या, आणि मग तुमची गाडी त्यांच्यावर. ह्यांना हे एवढंच विचार, शांतपणे, बाकी काही बोलू नको. बाकीच्या दहा वाक्यांपेक्षा ते जास्त लागेल.

बरोबर पद्धत म्हणजे बंद गाडीला ओलांडून चांगलं तीस-चाळीस पावलं पुढे जायचं, डावीकडे पूर्ण मातीवर गाडी घ्यायची, पुढची चाकं डावीकडे वळवून ठेवायची, हँडब्रेक, चारी इंडिकेटर चालू, आणि सगळ्यांनी डाव्या दारानेच उतरायचं. सासूबाईंना गुडघ्यामुळे उतरणं जड असेल पण तरी. लोखंडी रेलिंग असेल तर रेलिंगच्या पलीकडे, नसेल तर शेताच्या बाजूला जेवढं जाता येईल तेवढं. आणि एवढी माती नसेल, अंधार असेल, वळण असेल किंवा घाट असेल तर थांबायचंच नाही, सरळ पुढच्या पंपावर जाऊन तिथून फोन करायचा. हीसुद्धा मदतच आहे बरं का, ह्यांना ती मदत वाटत नाही कारण त्यात हात काळे होत नाहीत.

दोन गाड्यांच्या मध्ये उभं राहायचं नाही, हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. तेव्हा मी मशिनरीचे पार्ट घेऊन इंदूर-धुळे-जळगाव करायचो, चार लेन वगैरे काही नव्हतं, माझी मॅटाडोर होती. धामणोदच्या अलीकडे एक अँबेसिडर बंद, आत म्हातारे नवरा-बायको. मी हिरो. मॅटाडोर त्यांच्या पुढे उलटी घेतली, दोर बांधायला दोन्ही गाड्यांच्या मध्ये वाकलो, आणि माझ्याच गाडीचा हँडब्रेक ढिला, ती हळूच, अगदी हळूच, मागे सरकली. गुडघा सापडला. ओरडलो तर त्या म्हाताऱ्यांनीच एक टेम्पो थांबवला आणि मला दवाखान्यात नेलं. सहा आठवडे प्लास्टर. ज्यांना मदत करायला गेलो ते दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आले. माझी बायको अजून पाहुण्यांसमोर हा किस्सा काढते आणि हसते, तेव्हा हसली नव्हती.

आता मागून येणाऱ्याचं बघ. ८० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. ड्रायव्हरला काहीतरी दिसलं, ते उभं आहे हे कळलं आणि पाय ब्रेकवर गेला, ह्यातच सेकंद-दीड सेकंद जातो, मग ब्रेक लागून थांबेपर्यंत साधी कार सुद्धा एकूण सत्तर मीटरच्या आसपास जाते, भरलेल्या ट्राल्याचं तर विचारूच नको. आणि आपले लोक काय करतात, तो लाल त्रिकोण काढला तरी डिक्कीपासून पाच पावलांवर ठेवतात, जणू देवापुढे निरांजन लावलंय. पाच पावलं म्हणजे साडेतीन मीटर, पापणी लवायच्या आत संपलं. त्रिकोण मोजून दीडशे पावलं मागे गेला पाहिजे, म्हणजे साधारण शंभर मीटर, म्हणजे ८० वाल्याला साडेचार सेकंद मिळतात. वळण असेल तर वळणाच्या आधी ठेवायचा, वळून आल्यावर दिसून काय उपयोग. आणि ठेवायला जाताना रस्त्यावरून नाही चालायचं, मातीवरून, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, त्रिकोण छातीशी उघडून धरून, म्हणजे जाता जाता तो चमकतोच. परत येताना पाठ रहदारीकडे होते, तेव्हा अजून बाहेरून या.

फक्त मागचे लाल लाईट चालू ठेवले तर मागच्याला वाटतं गाडी चालू आहे आणि तो तिच्या मागे मागे येतो. पेंगणाऱ्याचं तर हमखास तसं होतं. म्हणून चारी इंडिकेटर लुकलुकले पाहिजेत. आणि कोणीही, तुमच्यापैकी किंवा त्यांच्यापैकी, डिक्कीसमोर उभं राहून हात हलवायचे नाहीत, एक तर दिसत नाही आणि दुसरं म्हणजे तुम्ही त्या लाईटच झाकून टाकता.

त्रिकोण नसेल तर ट्रकवाले काय करतात ते तू पाहिलंच असशील, झाडाच्या फांद्या तोडून लांबपर्यंत लावत जातात. फांद्या चांगल्या, मी स्वतः लावल्यात. दगड मात्र नाही. लोक दगडांची रांग मांडतात, चाकाखाली पण दगड लावतात आणि गाडी चालू झाली की सगळं तिथंच टाकून निघून जातात, मग पहाटे कोणी दूधवाला बाईकवर येतो आणि त्या दगडावरून उडतो. चाकाखालचा दगड तरी निघताना पायाने लोटून मातीत टाकायचा, एवढं ह्यांना माझ्याकडून सांग.

फोन. १०३३ हा नॅशनल हायवेचा नंबर आहे, चोवीस तास, फ्री, क्रेन आणि पेट्रोलिंगची गाडी तेच पाठवतात, अॅम्ब्युलन्स पण. आपला बायपास, एबी रोड म्हणजे आग्रा-मुंबई रस्ता, पुढे खलघाट, सेंधवा, धुळे सगळं त्यातच येतं. कोणी जखमी असेल तर १०८, पोलीस पाहिजे असतील तर ११२. लोक फोन करतात आणि "धामणोदच्या जवळ कुठेतरी" सांगतात, मग गाडी दुसऱ्या बाजूला फिरत बसते. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात, मधे दर दोनशे मीटरवर छोटे दगड पण असतात, त्यावरचा आकडा वाचायचा आणि इंदूरकडे जाणाऱ्या बाजूला आहोत का धुळ्याकडे, ते आधी सांगायचं. मधे डिव्हायडर असतो, चुकीच्या बाजूला आलेल्या क्रेनला कित्येक किलोमीटर फिरून यावं लागतं. हे काम तुझ्या मुलीला द्या. पोरांचे डोळे चांगले असतात आणि गाडीत बसून घाबरण्यापेक्षा दगड वाचणं बरं.

घाटाचं वेगळं सांगतो कारण तुम्ही त्याच रस्त्याने जाता-येता. इंदूरहून उतरताना मानपूरच्या पुढे भेरू घाट आणि मग गुजरीच्या पुढे गणपती घाट. गणपती घाटात उतारावर ट्रकचे ब्रेक तापून सुटायचे आणि पुढच्या गाड्यांवर जायचे, वर्षानुवर्षं हे चाललं, शेवटी २०२४ मध्ये तिथे नवीन रस्ता काढून चालू केला. पण उतार तो उतार. उतरत्या बाजूला कोणी बंद पडलेला दिसला तर आपण थांबायचं नाही, म्हणजे नाहीच, खाली जाऊन फोन. चढत्या बाजूला बहुतेक वेळा गाडी तापलेली असते, बोनेटमधून वाफ. तुमचीच गाडी अशी तापली तर म्हणून एक सांगून ठेव, रेडिएटरचं झाकण तापलेलं असताना उघडायचं नाही, फडकं घेऊन पण नाही, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि सरळ तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास बसा, गप्पा मारा, लग्नातल्या जेवणाला नावं ठेवा. आणि हल्ली इतक्या गाड्या सीएनजीवर असतात, गॅसचा किंवा पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू करून बघू वगैरे नको, माणसं लांब आणि विड्या-सिगारेटी बंद.

तुला वाटेल काका फार घाबरवतोय. मग दोन गोष्टी ऐक, दोन्ही पेपरात सगळ्यांनी वाचलेल्या. ५ ऑक्टोबर २०२२, दसऱ्याची पहाट, मुंबईच्या वांद्रे-वरळी सी लिंकवर आधी एक अपघात झाला, अॅम्ब्युलन्स आली, टोलची माणसं मदतीला उभी राहिली आणि मागून आलेली भरधाव गाडी त्यांच्यात घुसली, पाच जण गेले. पुढच्या वर्षी जुलैमध्ये अहमदाबादला इस्कॉन पुलावर तसंच, मध्यरात्रीनंतर एका गाडीने डंपरला ठोकलं, लोक बघायला आणि मदतीला जमले, पोलीस पण होते, आणि मागून आलेल्या कारने नऊ जण नेले. दोन्ही ठिकाणी पहिल्या अपघातात एवढं झालं नव्हतं. जे गेले ते भली माणसंच होती, फक्त रस्त्यावर उभी होती. म्हणून गर्दी दिसली की ह्यांनी अजून एक माणूस वाढवायला जायचं नाही. आधीच चार जण असतील तर पुढे जाऊन १०३३ ला लावा, बहुतेक वेळा त्या चौघांपैकी कोणीच लावलेला नसतो, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने केला असेल.

पोलिसांचं विचारलंस. नुसती बंद गाडी असेल तर पोलिसांचा संबंधच कुठे येतो. अपघात झालेला असेल आणि कोणी जखमी असेल तर तेव्हा मात्र मागे हटू नका, तिथली गोष्ट वेगळी आहे, आणि आता घाबरायचं कारण पण नाही. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ह्याच्या गाईडलाईन्स पक्क्या केल्या, मग २०१९ मध्ये मोटर व्हेईकल अॅक्टमध्ये कलम १३४-ए आलं. चांगल्या मनाने जखमीला मदत केली आणि तरी काही बरंवाईट झालं तर मदत करणाऱ्यावर केस होत नाही. नाव-पत्ता सांगायची जबरदस्ती नाही, साक्षीदार व्हायचं का नाही हे पण तुमच्या मर्जीवर. गंभीर जखमीला पहिल्या तासात हॉस्पिटलला पोचवणाऱ्याला केंद्र सरकारची राह-वीर योजना आहे, २५,००० रुपये. आधी ते ५,००० होते. पैशासाठी कोणी करत नाही, पण ह्यावरून कळतं की सरकारला तुम्ही थांबायला पाहिजे आहात. फक्त अॅम्ब्युलन्स येत असेल आणि माणसाच्या मानेला-पाठीला मार असेल तर ओढाताण करून गाडीत कोंबू नका, आग वगैरे असेल तर गोष्ट निराळी.

आता लुटालुटीची भीती. तू लिहिलं नाहीस पण सासूबाईंच्या मनात नक्की असणार, सेंधव्याच्या पुढे काचेवर अंडी मारतात, बाई रस्त्यात झोपवतात, आपण इंदूरवाले हे ऐकतच मोठे झालो. खरं किती खोटं किती मला माहीत नाही आणि ते शोधत बसायची गरजही नाही. काच चार बोटं उघडून, गाडी चालू ठेवून, पुढे जाऊन हळू करून विचारायचं, "भिया, फोन केला का कोणाला?" खऱ्या अडचणीतल्या माणसाला ह्याचा राग येत नाही. उलट अंधारात दोन अनोळखी पुरुष गाडीतून उतरून आपल्याकडे चालत आले की त्या गाडीतल्या बाईला काय वाटत असेल ह्याचा विचार ह्यांनी कधी केला असेल असं वाटत नाही. तू सोबत असशील तर तू बोल. त्यांच्यातली बाई आणि पोरं लगेच मोकळी होतात आणि रेलिंगच्या पलीकडे यायला तयार होतात, नाहीतर ती गाडीतच बसून राहतात, एसी चालू आहे म्हणून. आणि तू एकटी गाडी चालवत असशील तर रात्री थांबू नकोस, फोन कर आणि जा, त्यात काही वाईट वाटून घेऊ नको.

ह्यांच्याशी बोलायचं कसं, ते. रात्री नको, जेवताना नको. रविवारी सकाळी पोहे-जलेबी खाऊन मूड चांगला असेल तेव्हा "तुम्ही थांबता ते मला आवडतं" असं एकदा म्हण, खोटं वाटलं तरी म्हण, आणि मला वाटतं ते तितकंसं खोटं नसेल, कारण लग्नाआधी असाच माणूस आवडला असेल ना. मग खाली घेऊन जा आणि दोघं मिळून डिक्की उघडा. चमकणारी जॅकेटं दोन, आपल्या सियागंज बाजारात मिळतात, महाग नसतात, आणि डिक्कीत नाही, सीटच्या मागच्या खिशात ठेवा, कारण डिक्की उघडायला जाईपर्यंतच तर ते पाहिजे असतं. डोक्याला लावायचा टॉर्च एक, मोबाईलचा टॉर्च धरला की एक हात जातो आणि फोनची बॅटरी पण. पाण्याच्या बाटल्या. सेंधव्याच्या त्या रात्री बाबांसाठी थांबलेल्या माणसाने नेमकं काय केलं होतं ते पण ह्यांना विचार, मला पैज लावायची झाली तर मी म्हणेन त्याने गाडी दुरुस्त केली नसणार, चहा पाजला असेल आणि कुठेतरी उजेडात नेऊन बसवलं असेल.

आणि तो लाल त्रिकोण. नवीन गाडीसोबत येतोच, बघ, अजून प्लॅस्टिकमध्ये असेल. आमच्या मुलाच्या गाडीत तो सहा वर्षं स्टेपनीच्या खाली पडून होता, गेल्या दिवाळीत डिक्की साफ करताना सापडला, तेव्हा त्याचा एक पाय मोडलेला होता आणि सुनेने विचारलं, "बाबा, हे कशाचं आहे?"